शिडाची होडी, बंद पडलेलं इंजिन आणि गंगापूरचा वारा

सुट्टीच्या दिवशी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यात होडी उतरवायची, दिवसभर शिडावर फिरायचं आणि संध्याकाळी वारा पडला की मागचं चार-सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड चालू करून काठाला लागायचं. अशा बेतात इंजिन दिवसाला जेमतेम अर्धा तास चालतं, आणि नेमकं म्हणूनच ते दगा देतं. रोज पळणारी रिक्षा क्वचित रुसते. महिन्यातून दोनदा चालवलेल्या इंजिनात मात्र पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात) चिकटा धरतो, रबर कडक होतं.

खालची माहिती पाच ते सात मीटरची शिडाची होडी आणि तिच्यामागचं चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड यांच्यासाठी आहे. समुद्रावरच्या मोठ्या बोटीतलं डिझेल इंजिन हा वेगळा विषय, तो इथे नाही.

आधी होडी सांभाळा

इंजिन बंद पडलं की सगळ्यांची पहिली धाव ते चालू करायच्या दोरीकडे. दहा-बारा हिसके, मग झाकण उघडून आत डोकं, आणि तोवर होडी वाऱ्याबरोबर कुठे चालली आहे याकडे कुणाचंच लक्ष नसतं. गंगापूरला हे फार महागात पडू शकतं. धरणाची भिंत पूर्वेला आहे आणि पाणी पश्चिमेकडे पसरलेलं आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे सोडून दिलेली होडी भिंतीच्या दगडी पिचिंगकडे नाहीतर सांडव्याकडे सरकते. दगडावर आपटणाऱ्या होडीत बसून प्लग खोलता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. सुकाणूवर एक माणूस बसलाच पाहिजे, तो उठायचा नाही. दुसऱ्याने पुढचं छोटं शीड वर ओढायचं. एवढ्यावरही होडीला सुकाणू ऐकण्याइतका वेग येतो. वारा अंगावर घेऊन भिंतीपासून लांब, मोकळ्या पाण्यात जा. वाराच नसेल तर वल्ही काढा. काठ जवळ आणि पाणी उथळ असेल तर नांगर टाका. पाणी पाच मीटर खोल असेल तर किमान पंचवीस मीटर दोरी सोडावी लागते, आणि नांगराला लागून तीन-चार मीटर साखळी हवी, नाहीतर नांगर गाळावरून नुसता घसरत जातो. भिंतीजवळ खोली इतकी असते की छोट्या होडीतली दोरी तळाला पुरतच नाही, तेव्हा नांगराच्या भरवशावर तिकडे रेंगाळू नका. वरच्या अंगाला तळात जुनी शेतं, झाडांचे बुंधे, दगड आहेत. नांगराच्या टाचेला एक वेगळी बारीक दोरी आणि तिच्या वरच्या टोकाला रिकामी बाटली बांधून ठेवा. नांगर अडकला तर त्या दोरीने उलट्या बाजूने ओढून सुटतो.

यासाठी एक सवय लावून घ्या. इंजिनवर चालत असतानासुद्धा शीड पिशवीत बांधून ठेवायचं नाही. ओढायची दोरी लावलेली आणि शीड दोन सैल गाठींनी आवळलेलं असलं की पंधरा सेकंदांत वर जातं.

सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे ना, ते एकदा बघून घ्या. मग इंजिन.

बंद पडलं ते कसं पडलं?

अर्धं निदान इथेच होतं, म्हणून झाकण उघडण्याआधी आठवा.

बटण दाबल्यासारखं एकदम गप्प झालं असेल तर करंटचा घोटाळा: सेफ्टी क्लिप (लाल दोरीची, निघाली की इंजिन बंद करणारी) निघाली, प्लगची टोपी सुटली, एखादी वायर तुटली. आधी खोकलं, रेस कमी-जास्त झाली, थोडं सावरलं आणि मग मेलं, तर पेट्रोल. इंजिन जोरात ओरडतंय पण होडी हलत नाही, तर पंख्याकडे (पाण्यातल्या प्रोपेलरकडे) बघा. ‘खट्’ किंवा ‘घर्र’ करून आचके देत थांबलं, तर पंख्यात काहीतरी गुंडाळलं गेलंय. वाफ, जळकट वास आणि हळूहळू कमी होत गेलेली ताकद म्हणजे पाणी फिरत नाही. तेव्हा पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा.

यात सर्वांत जास्त वेळा सापडतं ते पेट्रोलच.

झाकण न उघडता होणारी तपासणी

लाल गुंडाळीदार दोरीची क्लिप जागेवर आहे का? शीड बदलताना कुणाचा तरी पाय त्या दोरीत अडकतो, क्लिप निघते आणि मग अर्धा तास कार्बोरेटरला शिव्या बसतात. क्लिप हरवली तर इंजिन चालू होत नाही, म्हणून एक जादा क्लिप होडीतच बांधून ठेवा.

गिअर न्यूट्रलला आहे का? बऱ्याच इंजिनांची दोरी गिअरमध्ये असताना ओढलीच जात नाही.

टाकीत पेट्रोल आहे का? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण इंजिनच्या डोक्यावरच्या छोट्या टाकीत सव्वा लिटरच्या आसपासच पेट्रोल मावतं. सहा हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण रेसला तासाला साधारण दोन लिटर पितं. म्हणजे पाऊण तासही पुरत नाही. अर्ध्या रेसला खप जवळजवळ निम्म्यावर येतो आणि होडीचा वेग मात्र थोडाच कमी होतो. भर पाण्यात टाकी भरायची वेळ आली तर इंजिन दहा मिनिटं निवू द्या, नरसाळं वापरा, भोवती जुनं सुती कापड गुंडाळा. नाशिक शहराचं पिण्याचं पाणी याच धरणातून जातं. पेट्रोलचा तवंग पाण्यावर सोडून चालणार नाही.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला तर इंजिन पाच-दहा मिनिटं मजेत चालतं आणि मग तहानेने मरतं, कारण आत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल बाहेर येणं थांबतं. बाहेरची वेगळी टाकी असेल तर पाइपवरचा रबरी फुगा हातात घ्या. फुग्यावरचा बाण इंजिनकडे हवा आणि दाबताना तो टोक वर करून धरायचा, म्हणजे आतली झडप नीट बसते. दाबत गेल्यावर फुगा टणक झाला पाहिजे. चपटा होऊन तसाच राहिला तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी कचरा आहे. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर कुठूनतरी हवा शिरतेय, आणि ती जागा बहुतेक वेळा जोडणीच्या नोझलमधलं छोटं रबरी ओ-रिंग असते. ते झिजलं असेल तर नोझल दाबून धरा. तेवढ्यावर इंजिन काठापर्यंत येतं. घरी गेल्यावर रिंग बदला.

शिळं पेट्रोल, ओलं पेट्रोल

आता पंपावर सर्रास ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. गाडीत ते आठवड्याभरात संपतं, त्यामुळे जाणवत नाही. होडीच्या टाकीत ते महिनोन्‌महिने पडून राहतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. नाशिकचा पावसाळा, अर्धी रिकामी टाकी आणि उघडा राहिलेला हवेचा स्क्रू असं जुळून आलं की पेट्रोलमध्ये पाणी वाढत जातं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. जुन्या इंजिनांच्या पाइपचं रबरही इथेनॉलने फुगतं, सोलतं, आणि त्याचे काळे कण जेटमध्ये जाऊन बसतात.

ओळखायचं कसं? काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल टाकीच्या तळातून काढा आणि पाच मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पेट्रोल कामाचं नाही. त्यात चांगलं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. कॅनमध्ये बाजूला ठेवा आणि काठावर घेऊन या.

पाण्यावर असताना करता येण्यासारखी आणि फार वेळा यश देणारी गोष्ट म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी करणं. वाटी म्हणजे कार्बोरेटरच्या तळाचा फुगीर भाग, ज्यात पेट्रोल साठतं. तिच्या तळाशी किंवा बाजूला एक छोटा स्क्रू असतो.

१. इंजिन निवू द्या. विडी-सिगारेट, स्टोव्ह बंद. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

२. पाण्याची प्लास्टिकची बाटली आडवी कापून तिचा खालचा अर्धा भाग स्क्रूखाली धरा.

३. स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. तो पाण्यात पडला तर शनिवार संपलाच.

४. वाटीतलं सगळं पेट्रोल बाटलीत येऊ द्या. त्यात पाण्याचे थेंब, तपकिरी कचरा, काळे कण दिसतात का बघा.

५. फुगा दाबून किंवा कॉक उघडून आणखी अर्धी वाटी पेट्रोल जाऊ द्या, स्वच्छ येईपर्यंत.

६. स्क्रू आवळा, कापडाने पुसा, वास जाईपर्यंत पाच मिनिटं थांबा. मगच दोरी ओढा.

चोक ओढलेला असताना इंजिन चालतं आणि चोक आत ढकलला की मरतं, हे लक्षण दिसलं तर जेटमध्ये कचरा आहे हे जवळजवळ नक्की. चोकमुळे हवा कमी होते आणि अर्ध्या बुजलेल्या जेटमधून येणारं थोडंसं पेट्रोल पुरतं. अशा वेळी चोक अर्धा ठेवून, रेस कमी ठेवून हळूहळू काठाला यायचं. भर पाण्यात वाटी उघडून जेट काढायच्या भानगडीत पडू नका. त्यातली सुई आणि पितळी जेट तांदळाएवढे असतात आणि होडी हलत असते. घरी टेबलावर जेट काढला तर उजेडाकडे धरून भोकातून बघा आणि विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार त्यातून फिरवा. टाचणी किंवा सुई कधीच घालू नका. भोक किंचितही मोठं झालं तर इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागेल आणि मग जेट नवाच आणावा लागेल.

ओव्हरफ्लो हा वेगळा प्रकार. चोक ओढून पंधरा वेळा हिसके दिले की सिलिंडर पेट्रोलने ओला होतो आणि मग कशानेही चालू होत नाही. पेट्रोलचा वास भपकन येतो. चोक आत ढकला, रेस पूर्ण उघडा आणि पाच-सहा वेळा दोरी ओढा. नाहीच झालं तर दहा मिनिटं थांबा किंवा प्लग काढून पुसा. उलट डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा बातम्यांत झळकतो त्या दिवसांत, सकाळी सातला थंड इंजिन चोकशिवाय उठतच नाही. तेव्हा पूर्ण चोक, तीन-चार हिसके, पहिला खोकला आला की चोक अर्धा, आणि मग तीन-चार मिनिटं तसंच चालू द्यायचं.

मुंबईत किंवा अलिबागला उत्तम पळणारं इंजिन नाशिकला थोडं मंद वाटलं तर तो बिघाड समजू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. हवा विरळ होते तशी इंजिनची ताकद घटते. या उंचीवर सहा-सात टक्के तरी कमी मिळते. ते भरून काढायला कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसलात तर मात्र खरा बिघाड तयार होईल.

प्लग

प्लगची टोपी आधी नुसती दाबून बघा. कधी कधी तेवढंच निघतं. मग प्लग काढा. कोणता पाना लागतो हे घरीच बघून ठेवायचं, कारण काही इंजिनांना १६ मिमीचा लागतो, काहींना जवळजवळ २१ चा, आणि होडीत असतो तो नेमका दुसरा.

प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी पडत नाही. पांढरट, भाजल्यासारखं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय. ठिणगी बघायची असेल तर प्लग टोपीत घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, टोपी कोरड्या कापडाने धरा आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. प्लगच्या भोकापासून हात लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर नवा प्लग लावा. प्लग धातूला न टेकवता हिसके देऊ नका, त्याने इग्निशनचं युनिट जळू शकतं.

प्लगच्या टोकांतला गॅप बहुतेक छोट्या चार-स्ट्रोक इंजिनांत ०.८ ते ०.९ मिमी असतो, तरी आपल्या इंजिनच्या पुस्तिकेतला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. बसवताना आधी नुसत्या बोटांनी फिरवा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा आडवे कापले गेले की हेड खोलावं लागतं. नवा प्लग हाताने बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर फेऱ्याचा आठवा हिस्सा पुरे.

मागची धार

इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडू लागते. ती नसेल तर लगेच बंद. ‘थोडं काठापर्यंत नेऊ’ म्हणून चालवलं तर आधी इम्पेलरची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या चाकाची, रबरी पाती वितळतात आणि मग इंजिन सीज होतं, म्हणजे आतून जाम होतं.

प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ पाणी ओढायच्या जाळीवर चिकटणं हे नेहमीचं कारण. इंजिन पूर्ण बंद करून वर उचला, जाळी हाताने साफ करा. जाळी स्वच्छ असूनही धार नसेल तर धार पडते त्या भोकात मासे पकडायच्या जाड नायलॉन दोऱ्याचा तुकडा सात-आठ सेंटिमीटर आत घालून फिरवा. तिथे मातीची गुठळी किंवा कुंभारणीचं घर निघतं. उन्हाळ्यात पाणी आटतं, तेव्हा काठालगत पंखा गाळ घुसळतो आणि तो सगळा इंजिन पितं. गुडघाभर पाण्यात इंजिन चालवायचंच नाही, वल्ह्याने होडी बाहेर काढायची.

शिडाच्या होडीची आणखी एक खोड. वाऱ्याने होडी एका कुशीवर कलली, किंवा दोघे-तिघे शीड उतरवायला पुढे नाळेकडे गेले, की मागची बाजू उचलली जाते आणि इंजिनची जाळी पाण्याबाहेर येते. पंखा हवा घुसळतो, इंजिन किंचाळतं, धार थांबते. यात इंजिनचा काही दोष नाही. रेस कमी करा, माणसं मागे बोलवा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली असायला हवी. शिडाच्या होडीला म्हणूनच लांब दांड्याचं इंजिन घेतात.

जाळी आणि भोक दोन्ही स्वच्छ असून धार नसेल तर इम्पेलर गेला. तो पाण्यावर बदलता येत नाही. शीड वर करा.

पंखा: जाळं आणि पिन

फुगवट्यात मासेमारीची नायलॉनची जाळी लावलेली असतात, खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा किंवा बाटली. कडेच्या दोन बाटल्यांच्या मधून जायचं नाही, बाहेरून वळसा घ्यायचा. तरीही जाळं अडकलंच तर इंजिन बंद करा, क्लिप काढा, प्लगची टोपी काढा, गिअर न्यूट्रल करा आणि मगच इंजिन वर उचला. पंखा हाताने उलट्या दिशेला फिरवत जाळं मोकळं करा. सगळं सुटत नसेल तर दातेरी सुरी घ्या. गुळगुळीत पात्याला नायलॉन दाद देत नाही. कापलेले तुकडे पाण्यात टाकू नका. ज्याचं जाळं आहे तो बहुधा काठावरून बघतच असतो. त्याला भेटा, नुकसान भरून द्या.

पंख्याच्या मागे दांड्यावर गुंडाळलेला बारीक दोरा दिसत नाही आणि तोच घातक असतो. तो आतलं सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. म्हणून अशा प्रसंगानंतर घरी पंखा काढून बघा, आणि गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू उघडून तेल कसं येतं ते पाहा. ताकासारखं पांढरट आलं तर सील बदला. तेल पुन्हा भरताना खालच्या भोकातून वर भरत जायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. या आकाराच्या इंजिनात ते साधारण २०० मिली बसतं.

दोन-तीन हॉर्सपॉवरच्या इंजिनांत पंख्याच्या दांड्यातून एक आडवी पिन (शिअर पिन) जाते. पंखा दगडावर आपटला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतात. इंजिन ओरडतंय आणि होडी जागची हलत नाही, तेव्हा ही पिन गेलेली असते. बदलायला पाच मिनिटं लागतात: स्प्लिट पिन सरळ करून काढा, पंखा ओढा, तुटके तुकडे काढा, नवी पिन, पंखा, नवी स्प्लिट पिन. हे करताना पंख्याखाली पिठाची चाळणी किंवा बादली कुणालातरी धरायला सांगा, तुकडा पाण्यात पडला की गेला. सातपूर-अंबडच्या कुठल्याही लेथवर याहून कडक पोलादाची ‘कधीच न तुटणारी’ पिन करून मिळेल, आणि तो मोह अनेकांना होतो. करू नका. पिन तुटली नाही, तर गिअरचे दात तुटतात. खिळा कापून घालणंही त्याच जातीचं.

त्याहून मोठ्या इंजिनांच्या पंख्यात पिनेऐवजी रबरी गाभा असतो. तो सुटला की कमी रेसला होडी चालते, रेस वाढवली की पंखा नुसता घसरतो. अशा वेळी कमी रेसवरच घरी या.

दोरी तुटली तर

झाकण काढा, दोरीचं गुंडाळं बसवलेलं वरचं आवरण तीन-चार बोल्ट काढून बाजूला करा. खाली चक्राला खाच दिसेल. मीटरभर दोरीला टोकाशी गाठ मारा, गाठ खाचेत अडकवा, इंजिनवरच्या बाणाच्या दिशेने चक्र फिरेल अशी दोरी गुंडाळा आणि ओढा. दुसऱ्या टोकाला पाना आडवा बांधला की मूठ होते. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. काही इंजिनांत न्यूट्रलची अडवणूक त्या आवरणातच असते, त्यामुळे गिअर न्यूट्रलला आहे हे स्वतः बघून घ्या. चालू झाल्यावर ते चक्र उघडं असतं. ओढणी, मफलर, सुटे केस, जॅकेटचे बंद सगळं लांब.

वीस मिनिटं, मग शीड

वीस मिनिटांत उलगडा झाला नाही तर पाने डब्यात टाका. अंधार पडायला दोन तास राहिले असताना घेतलेला हा निर्णय अर्धा तास राहिला असताना घेतलेल्यापेक्षा पुष्कळ बरा. वैशाखात ईशान्येला किंवा पूर्वेला काळे ढग चढताना दिसले तर वीस मिनिटंसुद्धा नाहीत. वळवाचा पाऊस आधी सोसाट्याचा वारा आणि वीज घेऊन येतो, आणि मोकळ्या पाण्यावरची सर्वांत उंच वस्तू म्हणजे तुमची डोलकाठी. जवळच्या कुठल्याही सुरक्षित काठाला लागा. गाडी पलीकडे आहे हा विचार नंतर.

शिडावर काठाला लागताना मोठं शीड आधीच उतरवा आणि पुढच्या छोट्यावर या. सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) अर्धा वर घ्या, इंजिन उचललेलं ठेवा. शेवटच्या वीस मीटरला तेही शीड सोडून द्या आणि वल्ह्याने या. पाय टेकवण्याआधी वल्ह्याने खोली मोजा, गाळ फसवा असतो. दुसऱ्या होडीने ओढून न्यायचं ठरलं तर दोरी पुढच्या छोट्या हुकाला न बांधता डोलकाठीच्या बुडाला बांधा, दोन होड्यांत किमान पंधरा मीटर अंतर ठेवा, आणि ओढणाऱ्याला चालण्याच्या वेगापेक्षा फार जोरात जाऊ देऊ नका. माणसाच्या जिवाचा प्रश्न वाटला तर वाट न बघता ११२ ला फोन. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावरच.

पावसाळ्यात विसर्ग सुरू होऊन नाशिकच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी चढल्याच्या बातम्या येतात, त्या काळात होडी घरीच. आणि एरवीही जलसंपदा विभागाची परवानगी आणि भिंत-सांडव्यापासूनचं अंतर, या दोन गोष्टींत सूट नाही.

गाडीत कसं ठेवायचं

पुढच्या शनिवारचा बिघाड या शनिवारी डिकीत तयार होतो. चार-स्ट्रोक इंजिन ज्या बाजूवर आडवं ठेवायचं ती त्याच्या अंगावर चित्राने दाखवलेली असते. चुकीच्या बाजूवर झोपवलं तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. मग दोरी हलत नाही, किंवा चालू झाल्यावर पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दोरी अडली तर जोर लावू नका. प्लग काढा, भोकावर कापड धरून हळूहळू दोरी ओढून तेल बाहेर काढा, तेलाची पातळी बघा, मग चालू करा. आडवं करण्याआधी इंजिन पाच मिनिटं उभं धरून आतलं पाणी निथळू द्या, आणि पंख्याकडची बाजू डोक्यापेक्षा वर ठेवू नका.

इंजिन होडीच्या मागच्या फळीला धरणारे दोन्ही स्क्रू चालू केल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा आवळायचे. थरथरीने ते सैल होतात. शिवाय एक जाड दोरी इंजिनपासून होडीला कायम बांधलेली हवी.

डब्यात

योग्य मापाचा प्लग-पाना, दोन नवे प्लग, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ चे पाने, शिअर पिन आणि स्प्लिट पिन चार-चार, जादा क्लिप, दीड मीटर दोरी, पेट्रोलच्या पाइपचा हातभर तुकडा आणि दोन क्लॅम्प, ओ-रिंग, छोटा फिल्टर, नायलॉनचा जाड दोरा, दातेरी सुरी, बारीक पॉलिश पेपर, काचेची बाटली, जुने सुती बनियन, डोक्याला लावायची बॅटरी. सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नको, गंजतं आणि घरंगळतं; प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि पान्यांना तेलाचा हात फिरवा. होडीत याखेरीज दोन वल्ही, नांगर, आणि पेट्रोलसाठी खास बनवलेला पाच लिटरचा कॅन. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेऊ नका.

इम्पेलर दर दोन वर्षांनी, आणि गढूळ पाण्यात फार चालवलं असेल तर दर वर्षी बदला. इंजिनचं तेल पुस्तिकेत लिहिलं असेल ते, बहुधा १०डब्ल्यू-३०, १०० तासांनी किंवा वर्षाने. आपण १०० तास कधीच गाठत नाही, म्हणून वर्षच धरा. पावसाळ्याआधी बदललेलं बरं. त्याच वेळी कार्बोरेटरची वाटी स्क्रूने रिकामी करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवलं तरी वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतंच आणि चार महिन्यांत त्याचा चिकट थर होतो. टाकीवर चिकटपट्टी लावून पेट्रोल भरल्याची तारीख मार्करने लिहा. महिना उलटला की, तळाला थर नसेल तर, ते स्कूटरमध्ये ओता आणि पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी ताजं भरा.